पेटीत राहिलेली उजवी वहाण

मी एक जुनी वहाण आहे, आणि तीही उजवी. उजवी हे मुद्दाम सांगते, कारण डावी माझी बहीण होती आणि तिला कधी कुणी अदालतीत नेलं नाही.

मित्रांनो, वहाणेचं काय ऐकायचं म्हणून उठू नका. मी काही साधीसुधी वहाण नव्हे. कुंभार पिंपळगावच्या चांभारानं मला घडवलं तेव्हा दोन म्हशी लागल्या. एकीचं चामडं माझ्या तळाला गेलं. दुसरी नुसती बघायला उभी होती, पण मला बघून तिनं आठ दिवस चारा खाल्ला नाही. सात पदरांचा माझा तळ, आणि टाचेत चंद्रकोरीसारखे सात लोखंडी खिळे. ओल्या मातीत माझा ठसा उठला, की कोंबडीनं ओळीनं सात दाणे टिपल्यासारखा दिसे.

माझी करकर अशी, की वडीगोद्रीत पाऊल पडलं तर शहागडला गोदावरीतले मासे तळाशी जात. एकदा विंचवानं मला नांगी मारली. नांगी वाकडी झाली, आणि तो बिचारा चार महिने बायकोला तोंड दाखवीना. एकदा बाभळीचा काटा माझ्या तळात शिरला. तो दोन वर्षं आत चालत होता, तिसऱ्या पदराशी पोचला आणि तिथंच म्हातारपणानं वारला.

यातलं किती खरं ते विचारू नका. मेंढरांमागं फिरणाऱ्याच्या पायात दिवस फार लांब असतो, आणि थापा मारल्या नाहीत तर तो सरत नाही. पण आता पुढं जे सांगणार आहे त्यात एकही थाप नाही. तेवढ्यापुरता माझ्यावर विश्वास ठेवा.

माझा धनी रायभान. जातीचा धनगर, अंगानं शिडशिडीत, रागानं भडक आणि पाच मिनिटांत विझणारा. त्याचा साठ मेंढरांचा कळप होता. लोक आपल्या शेतात त्याची मेंढरं बसवून घेत, म्हणजे जमिनीला खत होई. तो मला दर पंधरवड्याला करडीचं तेल लावायचा. देवळापुढं मला काढायचा. आणि खळ्यावर तर मी कधी पाऊल टाकलंच नाही. मित्रांनो, तुम्हाला ठाऊक असेल, जिथं धान्य मळतात त्या शेणानं सारवलेल्या खळ्यावर आमच्याकडं कुणी पायताण घालून जात नाही. पाटील असो की पाटलाचा सालगडी, वहाण कडेला निघते. लक्ष्मी बसते तिथं चामडं नको.

साल होतं फसली तेराशे सेहेचाळीस, म्हणजे तुमचं एकोणीसशे सदतीस. ज्वारीचं खळं चाललेलं. वडीगोद्रीचे जमीनदार रामराव, त्यांच्या खळ्याचा राखणदार होता कारभारी नावाचा उतारवयाचा माणूस. त्या दिवशी सकाळी रायभानच्या दोन मेंढ्या रामरावांच्या हरभऱ्यात शिरल्या. कारभारीनं काठी हाणली आणि एका मेंढीचा पाय मोडला. रायभाननं मोडका पाय हातात धरला, आणि चार माणसांसमोर ओरडला, "कारभारी, तुझं टकुरं फोडतो का न्हाई बघ!"

एवढंच बोलला. पुढच्या पाच मिनिटांत विझला, आणि मेंढीच्या पायाला बांबूची कांब बांधत बसला. दुपारी त्याला हिवताप भरला. दूरच्या माळावर कळपाशेजारी घोंगडी पांघरून तो पडला, तो दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत. दात वाजत होते आणि तोंडानं काहीबाही बरळत होता. मी त्याच्या उशाशी होते. रात्रभर मी हलले नाही, कारण तो हलला नाही. माझ्याइतका पक्का साक्षीदार निजामाच्या साऱ्या मुलखात नव्हता. फक्त मला तोंड नव्हतं.

सकाळी खळ्याच्या कडेला कारभारी सापडला, डोकं फुटलेला. शुद्धीवर न येताच दुपारपर्यंत त्याचा जीव गेला. खळ्याची ती कडा आदल्या संध्याकाळीच नव्यानं सारवली होती. त्या ओल्या शेणात एक उजवं पाऊल उमटलं होतं, छान छापल्यासारखं. गावकरी शहाणे. त्यांनी लगेच त्यावर पाटी पालथी घातली, वर धोंडा ठेवला, म्हणजे कोंबड्या उकरणार नाहीत आणि ऊन लागून ठसा तडकणार नाही. आमच्याकडं कुठंही चोरीमारी झाली, की सरकारी माणूस येईपर्यंत पावलाची अशीच राखण करतात.

अमीनसाहेब, म्हणजे निजामाचे फौजदार, अंबडहून घोड्यावर आले. चार माणसांनी टकुरं फोडायची गोष्ट सांगितली, आणि शिपायांनी रायभानला तापातच उचलला. तो अनवाणी गेला.

तेव्हा त्याची बायको वच्छलाबाई मला हातात घेऊन पळत आली. ती अमीनसाहेबांच्या घोड्यापुढं उभी राहिली.

"सायेब, ही त्याची वहान. पाटीखालच्या पायाला लावून बघा. जुळली तर त्याला फाशी द्या, म्या हूं का चूं करनार न्हाई."

"दोन्ही आण," शिपाई म्हणाला.

"उजवी पुरे," अमीनसाहेब म्हणाले, आणि मी सरकारजमा झाले.

मित्रांनो, इथंच वच्छलाबाईची चूक झाली. तिला वाटलं, सरकारच्या हातात दिलं म्हणजे देवाच्या पायाशी ठेवलं. पावती नाही, पंच नाही. आपल्या माणसाला सोडवणारी एकुलती एक वस्तू तिनं त्याला धरणाऱ्याच्या हवाली केली, आणि मोकळ्या मनानं केली.

माग काढणारा होता मच्छिंद्र. डोळे बारीक, बोलणं त्याहून बारीक. सगळ्यांना बांधाच्या पलीकडं उभं केलं. अमीनसाहेब आणि तो, दोघंच खळ्याशी. त्यानं पाटी उचलली. ठशाच्या शेजारी ओलं शेण पसरलं आणि मला त्यात दाबलं. तुरीची एक काडी ठशाच्या लांबीची मोडली, दुसरी माझ्या लांबीची. दोन्ही शेजारी धरल्या. पहिली दोन बोटं लांब भरली.

"सायेब, हा पाय रायभानचा न्हाई."

"बराबर बघ."

"बराबरच बघितलं. ह्या वहानंला सात खिळे, तिथं एक बी न्हाई. लांबी बी जास्ती. आन सायेब, ह्यो मानूस पायतान घालून खळ्यावर चढला. आमच्यातला कुनी चढत न्हाई. कुनी परका व्हता ह्यो."

अमीनसाहेबांनी हे सगळं उर्दूत लिहिलं. मच्छिंद्रनं अंगठा दिला. मी, तो कागद आणि दोन्ही काड्या लाल फडक्यात बांधल्या गेल्या, आणि गाठीवर लाखेची मोहर बसली. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. धनगराच्या वहाणेला सरकारी मोहर! मला वाटलं, आता मी अदालतीत जाणार, टेबलावर बसणार, आणि सगळे माझ्याकडं बघून रायभानला घरी सोडणार.

बांधाशी वच्छलाबाईनं मच्छिंद्रला गाठलं.

"मच्छिंद्रभाऊ, जुळलं का?"

"बाई, ज्यानं बोलावलं त्यालाच माग सांगायचा, ही आमची रीत हाय. दुसऱ्याला सांगत फिरलो असतो तर आमच्या घरात आजवर कुनी म्हातारं झालं नसतं. सरकार सांगंल तुमाला."

पण त्याचा चेहरा रीत पाळत नव्हता. तो तिच्याकडं बघून इतका मवाळ झाला, की तिला कळायचं ते कळलं. त्या दिवशी तिनं घरी जाऊन भाकरी खाल्ली. शेजारणींना म्हणाली, "वहान सरकारकडं हाय. आता काळजी न्हाई."

ते लाल बोचकं जालन्याला सरकारी वकिलांकडं गेलं. त्यांचं नाव धर्मराज. नाव मी ठेवलेलं नाही, त्यांच्या आईबापांनी ठेवलं. हैदराबादेत कायदा शिकलेला, स्वच्छ शेरवानीचा, लाच न खाणारा माणूस. हेही सांगितलं पाहिजे, कारण तुम्ही त्यांना राक्षस समजाल. राक्षस असते तर गोष्ट सोपी झाली असती. त्यांचे कारकून होते रामकिसन. सडपातळ, कानावर बोरू, आणि कागद वाचताना ओठ हलवायची सवय.

रामकिसननं मोहर फोडली. कागद वाचला. ओठ हलायचे थांबले.

"साहेब, हे मिसलीत कुठं लावू? शेवटी का पंचनाम्याखाली?" मिसल म्हणजे खटल्याच्या कागदांची बांधणी.

धर्मराजांनी कागद घेतला आणि दोनदा वाचला.

"कुठंच लावू नकोस."

"साहेब?"

"रामकिसन, चार लोकांसमोर तो म्हणाला डोकं फोडतो. रात्री डोकं फुटलं. आता हा ठसा कुणाचाही असेल. कुणी वाटसरू पाणी प्यायला आला असेल. हा कागद पुढं ठेवला की जजसाहेबांच्या मनात शक येणार, आणि शक आला की खुनी सुटणार. कारभारीच्या बायकोला मी काय सांगू?"

"पण साहेब, तो वाटसरू होता की खुनी, ते जजसाहेबांनी ठरवायचं ना?"

"आपण आपल्या बाजूचं मांडायचं. त्याच्या बाजूचं त्याचा वकील बघेल."

"त्याच्या वकिलाला हे बोचकं आहे हेच माहीत नाही."

"मग त्यानं शोधावं," धर्मराज म्हणाले, आणि चहा मागवला.

रामकिसनला घरी खाणारी चार तोंडं होती. त्यानं फडकं पुन्हा बांधलं. धर्मराजांच्या टेबलाखाली एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात मला ठेवलं. कडी लागली. मित्रांनो, ज्या दिवशी मला सगळ्यात जास्त बोलायचं होतं, त्या दिवसापासून मी गप्प झाले.

खटल्याच्या दिवशी ती पेटी अदालतीत नेली होती, कारण तिच्यात वकिलांची कायद्याची पुस्तकंही असत. पुस्तकं वर, मी खाली. जजसाहेबांच्या टेबलापासून मी दहा पावलांवर होते. माझ्याच पावलांनी दहा. चारही माणसांच्या साक्षी मी ऐकल्या. चौघंही खरंच बोलले. टकुरं फोडतो म्हणाला का? म्हणाला. बस.

मग वच्छलाबाई उभी राहिली.

"वहान म्या सोता दिली, हुजूर. मापली बी. मच्छिंद्रनं मापली."

"माप जुळलं की नाही?" जजसाहेबांनी विचारलं.

"मला सांगितलं न्हाई. पन न्हाई जुळलं, हुजूर. त्याच्या तोंडावर दिसलं."

अदालतीत लोक हसले. जजसाहेबही किंचित हसले. "बाई, तोंडावरचं मिसलीत येत नाही. आणि बायको नवऱ्याकडूनच बोलणार."

रायभानचा वकील उठला. जरा गोंधळलेला, पण मनाचा बरा होता. त्यानं विचारलं, "सरकारी वकीलसाहेब, अशी एखादी वहाण आपल्याकडं आहे काय?"

धर्मराज उठले. पेटीवर त्यांचा बूट होता, तो त्यांनी उचलला. "हुजूर, मिसलीत अशी कोणतीही वस्तू नाही."

बघा, एकही शब्द खोटा नाही. मिसलीत मी नव्हतेच. मी पेटीत होते. मी जन्मभर थापा मारल्या, पण खऱ्या शब्दांनी एवढी मोठी थाप मारणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

मी करकर करायचा प्रयत्न केला. साऱ्या शक्तीनं केला. पण वहाणेला आवाज असतो तो पायाचा. आत पाय नसला की नुसतं चामडं. माझ्या वर चार जाड पुस्तकं होती. त्यांत अशा कागदांबद्दल काय लिहिलं होतं ते मला वाचता आलं नाही, आणि ज्यांना वाचता येत होतं त्यांनी त्या दिवशी ती उघडली नाहीत. खोलीच्या कोपऱ्यात रामकिसन उभा होता. त्याचे ओठ हलत होते, पण कागद हातात नव्हता.

अमीनसाहेबांना ठशाबद्दल कुणी विचारलं नाही, आणि मच्छिंद्र आलाच नाही. त्याला सांगितलं होतं, बोलावणं आलं की ये. तो अंबडच्या चावडीपाशी आठ दिवस धुतलेलं धोतर नेसून बोलावण्याची वाट बघत बसला. साक्षीदारांच्या यादीत त्याचं नावच नव्हतं, हे त्याला कुणी कळवलं नाही.

रायभानला जन्मठेप झाली. कुणीतरी म्हणालं, चौदा वर्षं म्हणजे. शिपाई त्याला पेटीजवळून घेऊन गेले. तो अजून अनवाणीच होता. त्याचं उजवं पाऊल माझ्यापासून हातभर अंतरावर पडलं, आणि पुढं गेलं.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. पेटीत ना ऊन, ना वारा. माझं तेल सुकलं, पदर सुटले, दोन खिळे गंजून गळाले. धर्मराज पेटीवर पाय ठेवून पान खायचे. दर दिवाळीला साफसफाई व्हायची. तेव्हा रामकिसन पेटी उघडायचा, लाल फडक्यावरून हात फिरवायचा आणि बंद करायचा. एकदा त्यानं धीर केला.

"साहेब, ते बोचकं..."

"कुठलं बोचकं?"

"काही नाही, साहेब."

असं अकरा वर्षं चाललं.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. निजामाचं राज्य गेलं. अधिकाऱ्यांची पळापळ झाली. धर्मराजांनी सामान बांधलं आणि रामकिसनला म्हणाले, "या पेटीतलं सगळं जाळून टाक." रामकिसननं जाळलं. पुस्तकंही जाळली. माझं लाल बोचकं मात्र त्यानं धोतराच्या सोग्यात घेतलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो वडीगोद्रीला पोचला. विचारत विचारत वच्छलाबाईच्या झोपडीशी आला. रायभान तीन महिन्यांपूर्वीच घरी आला होता, शिक्षेत सूट मिळून. कळप कधीच गेलेला. गावात त्याला कुणी कामावर घेत नव्हतं. खळ्यावर तर नाहीच. केस पांढरे झाले होते आणि तो कुडाला टेकून बसला होता. माझी डावी बहीण? ती वच्छलाबाईनं नऊ वर्षं सांभाळली, आणि दहाव्या वर्षी कुत्र्यानं पळवली.

रामकिसननं फडकं सोडलं. मला जमिनीवर ठेवलं. शेजारी त्या दोन काड्या. मग उर्दू कागद मराठीत वाचून दाखवला, शब्द न् शब्द. आणि शेवटी म्हणाला, "हा कागद तेव्हाही होता, बाई. मी कडी लावली होती त्या पेटीला."

वच्छलाबाई म्हणाली, "पानी देते. उन्हाचे आले तुमी." आणि उठून आत गेली. आत भांडं पडल्याचा आवाज आला.

रायभान माझ्याकडं बघत होता. मला उचललं नाही.

"कारकूनसाहेब, एक इचारू का? त्या राती मला लय ताप व्हता. मला काय बी आठवत न्हाई. जेलात पयल्या सालाला म्या म्हनायचो, म्या न्हाई केलं. तिसऱ्या सालाला म्हनायचो, न्हाई केलं वाटतं. मंग समदेच म्हनून राह्यले, केलंस, केलंस. इतके मोठे लोक, वकील, जजसाहेब, ते का उगं म्हनतील? मंग मला बी कारभारी सपनात दिसाया लागला. म्या त्याला मारतानी दिसाया लागलो." त्यानं लांब काडी उचलली. "तर मंग म्या न्हाई मारलं?"

"नाही," रामकिसन म्हणाला.

"बराबर वाचलं का?"

वच्छलाबाई पाणी घेऊन दारात उभी होती. "अकरा सालं भेटीला येऊन म्या दुसरं काय सांगत व्हते तुमाला?"

"तू बायको हायस," रायभान म्हणाला. रागानं नाही, समजुतीनं म्हणाला.

मित्रांनो, एवढं मात्र अदालतीनं त्याला पक्कं शिकवलं होतं.

रामकिसननं कागद पुन्हा वाचला. मग तिसऱ्यांदा. त्या गावात उर्दू वाचणारं कुणी उरलं नव्हतं. निघताना रायभाननं त्याचा सोगा धरला. "फुडच्या बाजाराला येशीला का? एकदा वाचून दावशीला?" रामकिसन आला. त्याच्या पुढच्या बाजारालाही आला. तो अजून येतो. रायभान दर वेळी डोळे मिटून ऐकतो, आणि ऐकून झाल्यावर तेच विचारतो. त्याला पटेल की नाही, मला माहीत नाही. मी जुळले नव्हते, हे अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी कळलं असतं तर त्याला पटवावंच लागलं नसतं.

मी आता त्यांच्या कुडाला खुंटीवर लटकलेली असते. तुम्हाला माझी एकच विनंती आहे. तुम्ही मोठे व्हाल. कुणी अमीन व्हाल, कुणी वकील, कुणी नुसते कारकून. कधीतरी तुमच्या पेटीत अशी एखादी वस्तू येईल, जी तुमच्याविरुद्ध उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूनं बोलते. ती तुमची नसते. ती त्याची असते, तुमच्याकडं फक्त ठेवायला आलेली असते. तो मागायला येणार नाही, कारण ती तुमच्याकडं आहे हेच त्याला ठाऊक नसतं. तेव्हा ती त्याच दिवशी त्याच्यापुढं ठेवा. तो खरा की खोटा, हे मग ज्यानं ठरवायचं तो ठरवील.

आणि हो, आम्हा वहाणांनाही अधूनमधून तेल लावत जा. पण ते मागाहून. आधी पेटी उघडा.